म्हातारी घोडी घेतली, पण तिला भरवणार नाही



मागे वालाच्या वाफ्याचा फोटो टाकला होता, त्यात कडेला बांधलेली पांढरी घोडी बऱ्याच जणांनी बघितली. तेव्हापासून जो भेटतो तो दोनच प्रश्न विचारतो. पहिला, या वयात घोडी कशाला घेतली? (माझ्या की घोडीच्या वयात, ते कोणी सांगत नाही.) दुसरा, शिंगरू कधी काढताय?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं द्यायला मला दोन महिने लागले. ते आज लिहून टाकतो, म्हणजे रोज रोज सांगायला नको. लांबण लागेल, पण ज्याच्या दारात जनावर आहे त्याने शेवटपर्यंत वाचावं.

आमचं गाव राई, भाईंदर पश्चिमेला. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला टॉवर, मधे आमची थोडी भातखाचरं उरलीत. पावसात भात, नंतर वाल, वांगी, पालेभाजी. एवढ्यावर घर चालत नाही हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. भाईंदरमध्ये गुजराती, मारवाडी, जैन वस्ती मोठी. तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू, आणि जैन मंडळींचे वरघोडे निघतात ते वेगळे. शांत पांढऱ्या घोडीला मागणी आहे. पुतण्या म्हणाला, "काका, आपल्याकडे जागा आहे, चारा आहे, शेणखताला लीद मिळेल. एक घोडी ठेवू."

म्हणून दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊन आलो. नंदुरबार जिल्ह्यातला तापीकाठचा हा घोडेबाजार ज्याने बघितला नसेल त्याने एकदा बघावा. खिशात 50 हजार घेऊन गेलो होतो. तीन-चार वर्षांची साधी, कागदपत्र नसलेली घोडी 90 हजारांपर्यंत सांगत होते. मारवाडी, काठेवाडी चांगल्या जनावरांजवळ तर आपण नुसतं उभं राहायचं. रिकाम्या हाताने परत आलो.

मग इथलाच एक वरातीवाला धंदा बंद करत होता. त्याची घोडी 40 हजारात मिळाली. तो म्हणाला, "बारा वर्षांची आहे शेठ, दोनदा व्यायलेली आहे, एक शिंगरू काढा, पैसे वसूल." हे शेवटचं वाक्य नीट ऐका. घोडी विकणारा प्रत्येक जण ते म्हणतो.

वय तोंडात लिहिलेलं असतं

बैलाचे दात आपण सगळे बघतो. घोड्याचं थोडं वेगळं आहे. पाच वर्षांला सगळे दुधाचे दात पडून तोंड भरतं. त्यानंतर खालच्या पुढच्या दातांवरचे काळे खळगे झिजत जातात आणि आठ वर्षांच्या आसपास जवळजवळ बुजतात. लोकांची माहिती इथेच संपते, आणि विकणारा म्हणतो, "दात बुजलेत, आठ-दहाची असेल."

पुढचं वय बघायला वरच्या जबड्यातला कोपऱ्याचा दात बघायचा. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यावर हिरडीजवळ एक उभी खाच दिसायला लागते. पंधराला ती अर्ध्या दातापर्यंत येते, विसाला पूर्ण खालपर्यंत. अगदी घड्याळासारखं नाही, खाण्यावर आणि जातीवर फरक पडतो, पण अंदाज येतो. आमच्या चांदणीची खाच अर्ध्याच्या खाली गेलेली. शिवाय म्हाताऱ्या घोड्याचे दात बाजूने बघितले तर उभे न राहता पुढे तिरके झालेले दिसतात, तेही होतं. डॉक्टर म्हणाले, सोळा-सतरा धरा.

म्हणजे चार-पाच वर्षांचं खोटं. तरीही मी घोडी परत केली नाही, कारण खोटं तोंडात पकडलं होतं आणि त्यावर भाव पाच हजाराने खाली आणला होता. म्हाताऱ्या घोडीचे फायदेही असतात. बँड, फटाके, रिक्षाचे हॉर्न, कशाला बुजत नाही. लहान पोर पाठीवर बसलं तरी जागची हलत नाही. तीन वर्षांच्या नव्या घोडीला हे शिकवायला दोन हंगाम जातात, आणि शिकताना ती एखाद्या नवरदेवाला पाडते.

घेण्याआधी दोन गोष्टी मात्र केल्या, त्या तुम्हीही करा. एक, रक्त तपासलं. ग्लॅंडर्स, म्हणजे आपला शेंबा, हा घोड्यागाढवांचा रोग माणसालाही होतो. त्यावर इलाज करत बसायचं नसतं. जनावर पॉझिटिव्ह आलं तर 2009 च्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली ते मारावंच लागतं. हिसारला घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, ही तपासणी देशात त्यांच्या देखरेखीखाली चालते. वरातीची घोडी दहा ठिकाणच्या घोड्यांत फिरलेली असते, म्हणून हे टाळू नका. दोन, शेपटी उचलून बघितलं. पांढरी घोडी दोन तऱ्हेची. नुकरा जन्मतःच पांढरा, कातडी गुलाबी. सब्जा काळा किंवा तांबडा जन्मतो आणि वयाबरोबर पांढरा होतो, कातडी काळी राहते. या दुसऱ्या प्रकारच्या जनावरांना पंधरा वर्षांपुढे शेपटीखाली, गुदाच्या बाजूला काळ्या गाठी फार येतात. आमची सब्जा आहे. वाटाण्याएवढी एक गाठ निघाली. सध्या त्रास नाही, पण लिहून ठेवली.

भोवरे बघायला मात्र कोणाला बोलावलं नाही. गळ्याखाली देवमण असला तर भाव वाढतो आणि डोळ्याखाली आसूढाळ असला तर पडतो. बाजार तसा चालतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण देवमण असलेल्या घोडीचाही गर्भ राहत नसेल तर राहत नाही.

मग शिंगरू का नाही?

आता मुद्द्याचं. दिवस मोठे व्हायला लागले की घोडीचा माज नियमित होतो. एकवीस दिवसांचं चक्र, त्यात पाच-सात दिवस माज. चांदणी फेब्रुवारीत माजावर आली आणि घरात वाद सुरू झाला. पुतण्या म्हणतो भरवू. वसईपलीकडे एकाकडे चांगला घोडा आहे, त्याने तयारीही दाखवली. शेजारी म्हणतात, घोडी घरची, चारा घरचा, फुकटात शिंगरू.

"फुकटात" हा शब्द शेतकऱ्याने वहीतून खोडून टाकावा. एवढं सांगायला मी आज बसलोय.

मी वही घेऊन पुतण्याला समोर बसवलं. हिशोब माझ्या घरचा आहे, तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, पण रकाने हेच राहतील.

घोड्याची फी आणि टेम्पोने नेआण: 10 हजार.
सोनोग्राफी तीन-चार वेळा, गर्भाशयाची तपासणी, लसी: 8 हजार.
गाभणपणाचे शेवटचे तीन महिने आणि दूध पाजण्याचे पाच महिने जादा खुराक, दिवसाला 120 रुपये धरून: 29 हजार.
बुडालेल्या वराती, वीस वराती, खर्च जाऊन वरातीला अडीच हजार: 50 हजार.
शिंगरू दूध सोडल्यापासून तीन वर्षांचं होईपर्यंत तीस महिने, दिवसाला 150 रुपये: 1 लाख 35 हजार.
शिंगराचे खूर, जंताचं औषध, लसी: 10 हजार.

बेरीज 2 लाख 42 हजार.

वरातीच्या रकान्यावर पुतण्या अडला. त्याला कॅलेंडर दाखवलं. घोडी अकरा महिने गाभण राहते, सरासरी 340 दिवस. मार्चमध्ये भरवली तर व्यायची फेब्रुवारीत, म्हणजे लग्नसराईच्या मधोमध. त्याआधी दोन-तीन महिने तिच्या पाठीवर नवरदेव बसवायचा नाही, आणि पुढे शिंगरू पायात असताना ती बँडसमोर उभी राहणार नाही. हंगाम गेला. बरं, पुढे ढकलून जूनमध्ये भरवली तर मेमध्ये व्याणार आणि पंधरा-वीस दिवसांच्या शिंगरावर आमचा कोकणातला पाऊस पडणार. चिखलात खूर कुजतात, माशा-गोचीड वाढतात, सर्रासारखे माश्यांनी पसरणारे रोग येतात. तबेला कोरडा ठेवायला जमीन उंच लागते. आमची खाचरं आहेत, माळ नाही.

चारा घरचा, हेही अर्धंच खरं. आमच्याकडे आहे तो भाताचा पेंढा. काम नसलेल्या घोडीला तो चघळायला ठीक. गाभण आणि दुभत्या घोडीला त्यावर ठेवलं तर हाडं झिजतात. त्यात आपण वरून भाताचा कोंडा देतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, तेव्हा दोघं मिळून नुकसानच करतात. तिला चांगलं सुकं गवत, लसूणघास, चुनखडी-मिनरल लागतं, आणि लसूणघास राईत उगवत नाही, विकत आणावा लागतो.

आता पुढचं गणित. एवढे पैसे घालून आपल्याला हवंय काय, तर वरातीला चालणारी पांढरी घोडी. घोडा पांढरा नसेल आणि चांदणीला हा रंग आईबापांपैकी एकाकडूनच आला असेल, तर शिंगरू पांढरं होण्याची शक्यता निम्मी. मादी होण्याची शक्यता निम्मी. निम्म्याचं निम्मं म्हणजे चारात एक. तेही सगळं सुखरूप पार पडलं तर. आणि 90 हजारात जी घोडी रंग, चाल, स्वभाव डोळ्यांनी बघून घेता येते, तिच्यासाठी मी 2 लाख 42 हजार घालून चारात एकची चिठ्ठी काढायची?

पुतण्या गप्प बसला. पण पैशाने माणूस गप्प बसतो, पटत नाही. म्हणून त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

सोळा वर्षांची पहिलटकरीण

डॉक्टरांनी तपासून सांगितलं ते आपल्या भाषेत सांगतो.

घोडीची पिकण्याची ताकद पंधरा वर्षांच्या आसपास उतरायला लागते. गर्भ धरतो, पण पहिल्या महिन्या-दीड महिन्यात जिरून जाण्याचं प्रमाण म्हाताऱ्या घोडीत बरंच जास्त असतं. मालकाला कळतही नाही, तो म्हणतो घोडी उलटली.

तरी सोळा वर्षांच्या सगळ्या घोड्या सारख्या नसतात. जी दरसाल-दोन सालाने व्यायलेली आहे ती सोळालाही गाभ धरते. जी कधीच व्यायली नाही, तिचं गर्भाशयाचं तोंड या वयात सैल पडत नाही. घोडा लागल्यावर आत जे पाणी साचतं ते बाहेर निघत नाही, सडतं, सूज येते, आणि त्यात गर्भ टिकत नाही. आमची "दोनदा व्यायलेली" घोडी बहुतेक एकदाही व्यायलेली नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. वरातीवाले घोडी हंगामभर रिकामी ठेवतात, त्यामुळे हे नेहमीच दिसतं.

दुसरं त्यांनी दाखवलं ते तुम्ही घरी बघू शकता. घोडीच्या मागे उभे राहा. निरोगी घोडीचं योनीचं तोंड जवळजवळ उभं, सरळ असतं. म्हातारी, अंगाने उतरलेली घोडी असेल तर गुद आत ओढलं जातं आणि खालचा भाग तिरका पडतो. मग लीद त्यावर पडते, हवा आत शिरते, गर्भाशयात घाण जाते. डॉक्टर वरचा भाग टाके घालून बंद करतात, पण व्यायच्या आधी तो उघडायला लागतो. विसरलात तर फाटतं.

खात्रीच करायची तर गर्भाशयाच्या आतल्या पडद्याचा तुकडा काढून तपासतात आणि श्रेणी देतात. पहिल्या श्रेणीच्या घोडीला जिवंत शिंगरू मिळण्याची शक्यता 80 टक्क्यांच्या वर, शेवटच्या श्रेणीत जेमतेम 10 टक्के. ज्याला म्हातारी घोडी भरवायचीच आहे त्याने घोड्याची फी देण्याआधी ही तपासणी करावी. आणि भरवल्यावर चौदा ते सोळा दिवसांत सोनोग्राफी करावी, कारण घोडीला जुळं झेपत नाही. तेव्हाच बघितलं तर एक काढून दुसरं वाचवता येतं.

तांबडीची गोष्ट

हे सगळं मी पुतण्याला हिशोब म्हणून सांगितलं. खरं कारण त्या वहीत नव्हतं. ते घरी आल्यावर सांगितलं, तुम्हालाही सांगतो.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्याकडे तांबडी नावाची घोडी होती. भात झालं की वडील भाईंदर स्टेशनला टांगा लावायचे. तांबडी म्हातारी झाली होती, चढाला दमायची. वडील म्हणाले, एक शिंगरू काढू, मग तिला सोडू. हेच वाक्य.

ती रात्री व्यायली. शिंगरू उभं राहिलं, प्यायलं, सगळे खूष. वार पडली नव्हती. आजोबा गाईंतले जाणते, ते म्हणाले, पडेल उद्यापर्यंत, गाईची नाही का पडत? वारेला जुनी चप्पल बांधली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला. पुढच्या पायांचे खूर हात लावला तर भाजायचे. ती पाय टाकेना, मग उठेना. सहाव्या दिवशी गेली. शिंगराला आम्ही शेळीचं दूध बाटलीने पाजलं, मी रात्री उठून पाजायचो. तेही आठवड्याच्या वर टिकलं नाही.

कोणाची चूक म्हणू? आजोबांना गाय माहीत होती, घोडी नाही. गाईची वार बारा तास अडकली तरी आपण घाबरत नाही. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर डॉक्टरला फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. आत राहिलेल्या तुकड्याचं विष अंगात भिनतं आणि खुरांत उतरतं. हे मला चाळीस वर्षांनी डॉक्टरांनी सांगितलं. ऐकताना मला ते भाजणारे खूर आठवले.

लक्षात ठेवायला एक-दोन-तीन असं आहे. एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत प्यायला लागलेलं, तीन तासांत वार पडलेली. यातलं एक चुकलं तरी फोन. शिंगराला पहिला चीक पहिल्या सहा-आठ तासांत पोटभर गेलाच पाहिजे, त्याच्या अंगात रोगाशी लढणारं काहीच नसतं, जे येतं ते चिकातूनच येतं.

आणि आमच्याकडची खरी अडचण पुढे आहे. गाय तासन्‌तास कळा देते, डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळतो. घोडीचं पाणी फुटल्यापासून शिंगरू बाहेर यायला वीस ते तीस मिनिटं. त्यात पाय वाकडा आला, किंवा पांढऱ्या पडद्याऐवजी आधी लाल मखमली पिशवी दिसली, तर ती फाडायला मिनिटंच असतात. घोड्या व्यायतात बहुतेक रात्री. घोड्यातला जाणकार डॉक्टर ठाण्याहून किंवा परळहून निघाला तर अर्धा तास काशीमिऱ्याच्या सिग्नललाच जातो. ज्या घोडबंदरला घोड्यांच्या व्यापारावरून नाव पडलं असं सांगतात, त्याच घोडबंदर रोडवर आज घोडीचा डॉक्टर अडकून बसेल. शिवाय म्हाताऱ्या घोडीत व्यायताना गर्भाशयाची मोठी रक्तवाहिनी फुटण्याचा धोका तरुणीपेक्षा जास्त. तिथे डॉक्टर शेजारी उभा असला तरी बऱ्याचदा काही करता येत नाही.

म्हणजे 2 लाख 42 हजारांची चिठ्ठी आणि पणाला चांदणीचा जीव. ती माझ्याकडे कामाला आली आहे, रोज उभी राहून काम करते. तिने आणखी माझं काय देणं लागतं?

दुसरी बाजूही आहे

जाणकार मंडळी म्हणतील, सगळे असंच म्हणायला लागले तर घोडे संपतील. खरं आहे. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होते, 2019 ला 3.4 लाख राहिले. सात वर्षांत 45 टक्क्यांच्या वर घट. मुंबईतल्या व्हिक्टोरिया 2015 साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून बंद करायला लावल्या, ते घोडेही विखुरले. आपल्या धनगर बांधवांच्या वाड्यांबरोबर चालणाऱ्या भीमथडी घोड्याला आता कुठे स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली आहे. सरकारने 2024 ला राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, गाढवं, उंट आणले. पैदाशीचा उद्योग करणाऱ्याला 50 टक्के भांडवली अनुदान, 50 लाखांपर्यंत.

म्हणून मी "म्हातारी घोडी भरवूच नका" असं म्हणत नाही. तुमच्याकडे खरी भीमथडी घोडी असेल, तिची आई-आजी माहीत असेल, ती आधी व्यायलेली असेल, तर सोळाव्या वर्षीही तिचं एक शिंगरू जातीसाठी मोलाचं आहे. तिथे पैशाचं गणित बाजूला ठेवा, तपासण्या करा, आणि व्यायच्या महिन्यात रात्री जागायला दोन माणसं ठेवा. बिकानेरला संशोधन केंद्राच्या शाखेत 2023 ला मारवाडी घोडीचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवून शिंगरू जन्माला घातलं, राज-प्रथमा नाव ठेवलं. उद्या हे तंत्र आपल्या जिल्ह्यापर्यंत आलं तर म्हाताऱ्या चांगल्या घोडीचं रक्त तिचा जीव धोक्यात न घालता पुढे नेता येईल.

पण ज्या घोडीचं मूळ माहीत नाही, जी कधी व्यायली नाही, जिच्या शेपटीखाली गाठ आहे आणि जी आपण "पैसे वसूल" करायला भरवणार, तिच्या शिंगराने जात सुधारत नाही. असं शिंगरू पुढे कुठल्या चौपाटीवर उपाशी फेऱ्या मारताना दिसतं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पैदास करायची तर जातीसाठी करा, किंवा धंदा म्हणून पूर्ण तयारीने करा. घोडी घेताना लागलेला चटका भरून काढायला करू नका. घोडी घेण्याचा हिशोब घोडीच्या कामात बसला पाहिजे. तो बसत नसेल तर घोडी घेऊ नका, शिंगरू तो बसवून देणार नाही.

ठरलं ते असं

चांदणी भरवायची नाही, यंदाही नाही, पुढेही नाही. हंगामाच्या वराती करायच्या, दिवसाला एकच. पावसात विश्रांती. दर सहा महिन्यांनी दात घासून घ्यायचे, कारण म्हाताऱ्या घोड्याच्या दाढांना धार येते आणि चारा चावला जात नाही, मग लोक म्हणतात वयामुळे रोडावली. धनुर्वाताची लस, जंताचं औषध, दीड महिन्याने नालबंद. शेपटीखालच्या गाठीचा दर महिन्याला मोबाइलवर फोटो.

शिंगरावर जाणार होते ते पैसे पुतण्या दर वरातीमागे एक हजार बाजूला टाकतोय. चार-पाच हंगामांत तो सारंगखेड्याला स्वतः जाईल आणि स्वतः दात बघून तरुण घोडी आणील. तोपर्यंत चांदणीकडून तो घोडा हाताळायला शिकतोय. खरारा कसा करायचा, पाय कसा उचलायचा, घोडी कान मागे टाकते तेव्हा काय म्हणते. मला वाटतं 40 हजारात हे शिक्षण स्वस्तच पडलं.

आणि चांदणीचं काम थांबलं की तिला विकायची नाही, हेही ठरलं. बायको म्हणाली, "म्हातारीला विकून खाणारं घर नाही आपलं." मिठागराकडच्या बांधावर तिला गवत आहे. ती जागा टॉवरवाल्यांना गेली तर बघू, पण तोवर ती तिचीच.

ज्यांनी पंधराच्या पुढची घोडी भरवली असेल, चांगलं झालं असो की वाईट, त्यांनी अनुभव जरूर सांगा. आकड्यांसकट सांगा, म्हणजे दुसऱ्याच्या वहीला उपयोगी पडेल.

उद्या वाल तोडायचाय. राम राम.